दुकान कोणाचे आणि संग्रह कोणाचा : ‘मेट्रो एक्झोडस’ प्रकरणाचा अभ्यास

२८ जानेवारी २०१९ रोजी, म्हणजे ‘मेट्रो एक्झोडस’ हा गेम बाजारात येण्यास अठरा दिवस उरले असताना, त्याच्या प्रकाशकाने जाहीर केले की पीसीवरील हा गेम यापुढे स्टीमवर, म्हणजे व्हॅल्व्ह या कंपनीच्या ऑनलाइन गेम-दुकानात, विकला जाणार नाही; पुढचे वर्षभर तो केवळ एपिक या कंपनीच्या एपिक गेम्स स्टोअरवर मिळेल. स्टीमवर त्याची आगाऊ विक्री कित्येक महिने सुरू होती. खोक्यातून विकायच्या प्रती तयार होत्या, आणि त्यांच्या वेष्टनावर छापलेले स्टीमचे चिन्ह एपिकच्या स्टिकरखाली झाकून त्या बाजारात आणाव्या लागल्या.

गेम बनवणाऱ्या कंपनीनेच गेम विकण्याचे दुकानही चालवावे का, हा प्रश्न एरवी तत्त्वाच्या पातळीवर चर्चिला जातो आणि तिथेच विरतो. या प्रकरणात मात्र तो पैशांत, तारखांत आणि ग्राहकांच्या संतापात मोजता येतो. कारण भांडणारी दोन्ही दुकाने गेम बनवणाऱ्या कंपन्यांची होती, आणि ज्या गेमवरून भांडण झाले तो त्या दोघींपैकी कोणाचाच नव्हता.

पक्ष कोण होते

गेम बनवला फोर-ए गेम्स या स्टुडिओने. तो मूळचा कीव्हचा. पुढे त्याने आपले मुख्यालय माल्टाला हलवले. प्रकाशक होता डीप सिल्व्हर, आणि त्याची मालकी कोख मीडियाकडे होती. २०१८च्या फेब्रुवारीत कोख मीडिया स्वीडनच्या टीएचक्यू नॉर्डिक समूहाने विकत घेतली होती. दुकान बदलण्याचा निर्णय कोणाचा, यावर लगेच हात झटकणे सुरू झाले. समूहातील व्हिएन्नाच्या कंपनीने सांगितले की मेट्रो मालिकेचे हक्क कोख मीडियाकडे असल्याने निर्णय त्यांचा आहे. फोर-एच्या एका सदस्याने रागाच्या भरात, लोकांनी बहिष्कार टाकला तर पुढचा मेट्रो पीसीवर येणारच नाही, असे लिहिले, तेव्हा हे कंपनीचे मत नाही आणि दुकान बदलण्याचा निर्णय प्रकाशकाने एकट्याने घेतला, असा खुलासा करावा लागला.

या तपशिलाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो आहे. ‘डेव्हलपरांकडे दुकानांची मालकी असावी का’ असे आपण विचारतो, तेव्हा ‘डेव्हलपर’ या एका शब्दात तीन वेगळी माणसे कोंबलेली असतात : गेम घडवणारा, गेमवर पैसा लावून हक्क राखणारा, आणि स्वतःचा गेम विकता विकता इतरांचेही गेम विकू लागलेला. मेट्रोच्या बाबतीत पहिल्याला निर्णयात स्थान नव्हते, पण निर्णयाचा राग मात्र त्यालाच सोसावा लागला. मालिकेच्या जुन्या गेमांवर स्टीममध्ये नकारार्थी अभिप्रायांचा पाऊस पडला. ते गेम होते तसेच होते; त्यांत काहीही बिघडले नव्हते.

दोन्ही दुकाने कशी उभी राहिली

व्हॅल्व्ह ही कंपनी १९९६ साली गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन या मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या दोघांनी स्थापन केली. तिचा पहिला गेम ‘हाफ-लाइफ’ १९९८ साली सिएराने प्रकाशित केला. त्या काळी खोके छापणारा, ते दुकानांच्या फळीवर पोहोचवणारा आणि हिशेब ठेवणारा प्रकाशकच असे, आणि लेखक पुस्तकविक्रीच्या आकड्यांसाठी प्रकाशकाच्या तोंडाकडे पाहतो तशी गेम बनवणाऱ्याची अवस्था असे. सायबर कॅफेंना गेम वापरू देण्याचे हक्क कोणाचे, यावरून व्हॅल्व्हने २००२ साली सिएराची मालक असलेल्या विवेंडीच्या कंपनीविरुद्ध दावा लावला. तो २००५च्या एप्रिलमध्ये तडजोडीने मिटला. शतकाच्या सुरुवातीला पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंमध्ये तासाच्या हिशेबाने व्हॅल्व्हचा काउंटर-स्ट्राइक खेळलेल्या पिढीला हे कळले तर नवल वाटेल, पण त्या कॅफेंसारख्या ठिकाणी कोणाचा परवाना चालावा, हाच त्या दाव्याचा गाभा होता.

स्टीम सुरू झाले १२ सप्टेंबर २००३ रोजी, आणि ते दुकान म्हणून सुरू झाले नव्हते. काउंटर-स्ट्राइकच्या नव्या आवृत्त्या सर्व खेळाडूंपर्यंत एकाच वेळी पोहोचाव्यात आणि फसवणूक रोखता यावी, ही मुख्य गरज होती. लोकांना ते मुळीच आवडले नाही. मग १६ नोव्हेंबर २००४ रोजी ‘हाफ-लाइफ २’ आला, आणि खोक्यातून विकत घेतला तरी स्टीमचे खाते उघडल्याशिवाय तो चालत नव्हता. ज्यांना स्टीम नको होते त्यांनाही ते घ्यावे लागले, कारण त्यांना हा गेम हवा होता. इतरांचे गेम तिथे विकले जाऊ लागले ते २००५च्या अखेरीपासून. गर्दी आधी जमली, दुकान नंतर थाटले गेले.

एपिकची वाट वेगळी दिसते, पण तिचा गाभा तोच आहे. टिम स्वीनी यांनी १९९१ साली सुरू केलेली ही कंपनी प्रामुख्याने अनरिअल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरसाठी ओळखली जात होती. २०१७ साली आलेल्या ‘फोर्टनाइट’ने तिला अफाट पैसा दिला आणि कोट्यवधी संगणकांवर तिचा लाँचर, म्हणजे गेम उतरवून चालू करणारा प्रोग्राम, नेऊन बसवला. फोर्टनाइट स्टीमवर कधी आलाच नाही. ६ डिसेंबर २०१८ रोजी एपिकने त्याच लाँचरमध्ये दुकान उघडले आणि आपण विक्रीतून केवळ १२ टक्के घेऊ, ८८ टक्के गेमवाल्याला देऊ, असे जाहीर केले. त्याच्या आठवडाभर आधी, ३० नोव्हेंबरला, व्हॅल्व्हने आपला ३० टक्क्यांचा नियम सैल केला होता : एखाद्या गेमची कमाई १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की त्यापुढच्या रकमेवर २५ टक्के, आणि ५ कोटी डॉलरच्या पुढे २० टक्के. सवलत मोठ्यांना मिळाली. लहान स्टुडिओचे ३० टक्के तसेच राहिले.

मला या अभ्यासातली सर्वांत बोलकी तुलना वाटते ती तिसऱ्या एका दुकानाशी. डिस्कॉर्ड ही गप्पांची सेवा. २० कोटींहून अधिक खाती, त्यातले बहुसंख्य गेम खेळणारे. तिने २०१८च्या ऑक्टोबरमध्ये दुकान उघडले आणि डिसेंबरच्या मध्यात, एपिकच्याही एक पाऊल पुढे जाऊन, आपण फक्त १० टक्के घेऊ असे सांगितले. ग्राहक होते, हिस्सा सर्वांत कमी होता, आणि मालक स्वतः गेम बनवत नसल्याने हितसंबंधांचा संघर्षही नव्हता. वर्षभरात ते दुकान बंद पडले. डिस्कॉर्डकडे नव्हता तो एकच पदार्थ : ज्यासाठी माणूस नाइलाजाने तरी दार ठोठावेल असा स्वतःच्या मालकीचा गेम. पीसीवरच्या या धंद्यात दुकानाची मालकी गेमवाल्याकडे गेली ती कोणी कट केल्याने नव्हे. गर्दी खेचून आणण्याचे साधन त्याच्याचकडे असते, आणि गर्दी जमेपर्यंतचा तोटाही त्याच गेमच्या उत्पन्नातून भरून निघतो.

३० आणि १२ यांचे गणित

मेट्रो एपिककडे गेला तेव्हा सरसकट असे मानले गेले की कमी कमिशनमुळे गेला. हिशेब मांडून पाहिला तर चित्र इतके सरळ राहत नाही.

अमेरिकेत या गेमची ठरलेली किंमत ५९.९९ डॉलर होती. एपिकवर ती ४९.९९ डॉलर करण्यात आली. स्टीमच्या ३० टक्के दराने ५९.९९ मधून प्रकाशकाच्या पदरात ४१.९९ डॉलर पडले असते. एपिकच्या १२ टक्के दराने ४९.९९ मधून ४३.९९ डॉलर पडतात. ग्राहकाचे दहा डॉलर वाचले, प्रकाशकाला दोन डॉलर जास्त मिळाले, आणि वाचलेले सगळे दुकानदाराच्या गल्ल्यातून आले. करांचा भाग सोडला तर एपिकचा युक्तिवाद इथपर्यंत चोख आहे.

पण मेट्रो हा लहान गेम नव्हता. पूर्ण किमतीच्या सुमारे १ लाख ६७ हजार प्रती विकल्या गेल्या की तो स्टीमच्या २५ टक्क्यांच्या टप्प्यात गेला असता, आणि तिथे प्रत्येक प्रतीमागे ४४.९९ डॉलर हातात आले असते. म्हणजे एपिकपेक्षा एक डॉलर अधिक. २० टक्क्यांच्या टप्प्यात हाच आकडा ४७.९९ होतो. शिवाय प्रकाशकाला स्टीमच्या सक्रियता-कळा, म्हणजे गेम ग्राहकाच्या स्टीम खात्यात आणणारे संकेतांक, विनामूल्य मिळतात; त्या बाहेरच्या दुकानात विकल्या तर व्हॅल्व्ह त्यांवर काही घेत नाही. अनरिअल इंजिन वापरणाऱ्यांना एपिकवर त्या इंजिनाची ५ टक्के रॉयल्टी माफ असे, पण फोर-एने आपले स्वतःचे इंजिन वापरले होते, त्यामुळे त्या सवलतीचा इथे काहीच उपयोग नव्हता. ज्या गेमच्या लाखो प्रती खपण्याची प्रकाशकाला आशा आहे, त्याने किंमत दहा डॉलरने उतरवून, जगातील सर्वांत गजबजलेल्या दुकानाचे दार वर्षभर स्वतःहून लावून घ्यावे, याचे उत्तर निव्वळ १२ या आकड्यात सापडत नाही.

ते सापडते किमान हमीत. एपिकने त्या काळात वर्षभराच्या एकाधिकारासाठी प्रकाशकांना ठरावीक रकमेची हमी दिली होती : विक्री कितीही होवो, एवढे पैसे नक्की. ‘कंट्रोल’ या गेमसाठी ही रक्कम सुमारे ९५ लाख युरो होती, हे त्याच्या प्रकाशकाच्या मूळ कंपनीच्या जाहीर हिशेबातून दिसले. पुढे २०२१ साली एपिक आणि ॲपल यांच्या खटल्यात जी कागदपत्रे उघड झाली, त्यांत असे अनेक करार नोंदवलेले आहेत. अशी हमी मिळाली की प्रकाशकाची जोखीम संपते. ती जोखीम एपिक उचलते, आणि एपिकला ती उचलता येते कारण फोर्टनाइट रोज पैसे कमावतो आहे.

इथे पहिला गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो मला मान्य आहे. १२ टक्के हा दर दुकान चालवण्याच्या खर्चातून निघालेला दर आहे, की दुसऱ्या खिशातून पैसे ओतून टिकवलेला दर आहे? २०२३च्या नोव्हेंबरमध्ये, गूगलविरुद्धच्या खटल्यात साक्ष देताना, एपिकच्या दुकानाच्या प्रमुखांनी दुकान अजून नफ्यात आले नसल्याचे मान्य केले. म्हणजे पाच वर्षे झाली तरी दुकान गेमच्या पैशांवर चालले होते. जो दुकानदार केवळ दुकान चालवतो, त्याने या भावाशी स्पर्धा कशी करावी? डिस्कॉर्डने त्याचे उत्तर दिले आहे.

दहा डॉलर स्वस्त मिळूनही लोक का चिडले

स्टीमवर ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांना गेम आणि पुढचे सर्व भाग स्टीमवरच मिळतील, हे आश्वासन पाळले गेले. इतरांना, निदान अमेरिकेत, तोच गेम स्वस्त मिळत होता. दुसरे खाते उघडायला एक पैसाही लागत नव्हता. तरीही इतका संताप का, याला पुष्कळांनी बालिशपणा म्हटले. मला ते पटत नाही.

ज्याने दहा-पंधरा वर्षांत स्टीमवर शंभर-दोनशे गेम घेतले आहेत, त्याचे तिथे नुसते खाते नसते. त्याच्या जतन केलेल्या खेळी तिथे आहेत, मित्रमंडळ तिथे आहे, कोणता गेम किती तास खेळलो याची नोंद तिथे आहे, इतरांचे अभिप्राय वाचून काय घ्यावे हे ठरवण्याची सवय तिथली आहे. एपिकचे दुकान तेव्हा अगदीच उघडेबोडके होते. ग्राहकांचे अभिप्राय नव्हते, जतन केलेल्या खेळी ऑनलाइन ठेवण्याची सोय नव्हती. एका वेळी अनेक गेम निवडून एकत्र पैसे भरता येतील अशी साधी खरेदीची टोपलीसुद्धा २०२१च्या डिसेंबरमध्ये आली. दहा डॉलर वाचवून ग्राहकाला काय मिळत होते, तर त्याच्या संग्रहाचे दोन तुकडे.

हा संग्रह त्याच्या मालकीचा नाही, हीच खरी गोम आहे. आपण ‘विकत घेतला’ म्हणतो, पण मिळतो तो वापरण्याचा परवाना, आणि तो त्या दुकानाच्या खात्याशी बांधलेला असतो. २०२४च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाने डिजिटल वस्तू विकणाऱ्यांनी हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे असा कायदा केला, आणि त्यानंतरच्या महिन्यात स्टीमने पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना लावली. वीस वर्षे हे ग्राहकाला खरेदीच्या क्षणी ठळकपणे सांगितले जात नव्हते. दुकानाची ताकद गेमांच्या संख्येत नाही, प्रोग्रामिंगमध्येही नाही. ती ग्राहकाने वर्षानुवर्षे जमवलेल्या आणि उचलून नेता न येणाऱ्या संग्रहात आहे.

दुकानदार, प्रतिस्पर्धी आणि पंच

मेट्रो काढला गेला त्या दिवशी स्टीमने गेमच्या पानावर सूचना लावली. आपल्याला अगदी उशिरा कळवले गेले, आणि इतका काळ आगाऊ विक्री केल्यानंतर गेम काढून घेणे स्टीमच्या ग्राहकांवर अन्याय करणारे आहे, असे त्यात म्हटले होते. मजकूर खोटा नव्हता. पण ज्या पानावर तो लावला गेला ते पान विक्रेत्याच्या मालाचे होते, आणि लावणारा त्या वादातला एक पक्ष होता. ग्राहकांशी बोलण्याचा सर्वांत मोठा फलक दुकानदाराच्या हातात असतो, तेव्हा तो स्वतःच्या स्पर्धेविषयी त्यावर काय लिहितो याला कोणी अटकाव करू शकत नाही.

जुन्या मेट्रो गेमांवर पडलेल्या अभिप्रायांचेही तसेच. मार्च २०१९मध्ये व्हॅल्व्हने ठरवले की गेमशी संबंध नसलेल्या कारणासाठी आलेली नकारार्थी अभिप्रायांची लाट ओळखून तिची गणना एकूण गुणांत करायची नाही. निर्णय योग्य होता आणि फोर-एसारख्या निर्दोष स्टुडिओंच्या बाजूचा होता. परंतु प्रतिस्पर्ध्याकडे गेलेल्या गेमांवरचा राग संबंधित की असंबंधित, हे ठरवणाराही पुन्हा तोच.

व्हॅल्व्हने स्वतःचे गेम पुढे रेटून इतरांना मागे ढकलले, असे मला या प्रकरणात दिसत नाही. उलट दिसते ते वेगळेच : ‘डोटा २’ २०१३ साली आल्यानंतर पुढची पाच वर्षे व्हॅल्व्हने जवळजवळ नवे मोठे गेमच काढले नाहीत. इतरांच्या प्रत्येक विक्रीतून वाटा मिळत असताना स्वतः नवा गेम बनवण्याची निकड उरत नसावी. गेम बनवणाऱ्याने दुकान काढले की इतर स्टुडिओंचे काय होते, एवढेच विचारले जाते. त्या गेम बनवणाऱ्याचे काय होते, हेही विचारायला हवे. हाफ-लाइफवर प्रेम करणाऱ्यांनी ‘हाफ-लाइफ : ॲलिक्स’ येईपर्यंत, म्हणजे मार्च २०२०पर्यंत, बारा वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली, आणि तोही व्हीआर हेडसेट असलेल्यांसाठीच होता.

किमतींचा मुद्दा मात्र अजून न्यायालयात आहे. मेट्रोच्या प्रकाशकाला एक मधला मार्ग मोकळा असायला हवा होता : गेम दोन्हीकडे ठेवायचा, एपिकवर ४९.९९ आणि स्टीमवर ५९.९९ डॉलर, आणि ग्राहकाला ठरवू द्यायचे की दहा डॉलर महत्त्वाचे की संग्रह एकत्र राहणे. २०२१च्या एप्रिलमध्ये वुल्फायर गेम्सने अमेरिकेत लावलेल्या दाव्यातील आरोप नेमका हाच आहे की व्हॅल्व्ह विक्रेत्यांना दुसऱ्या दुकानात कमी किंमत लावू देत नाही. व्हॅल्व्हने तो नाकारला आहे. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्या दाव्याला अनेक विक्रेत्यांच्या वतीने सामूहिक दाव्याचे रूप दिले. आरोप सिद्ध झाला, तर माझ्या दृष्टीने ३० टक्क्यांपेक्षा तो कितीतरी मोठा दोष ठरेल, कारण कमी कमिशन घेणाऱ्या दुकानाला आपला फायदा ग्राहकापर्यंत पोहोचवण्याचा एकमेव सरळ मार्ग त्याने बंद होतो, आणि मग उरतो तो एपिकने धरलेला एकाधिकाराचा आडमार्ग.

मालकीवर बंदी घालावी का

मेट्रोच्या घोषणेनंतर चार दिवसांनी, १ फेब्रुवारी २०१९ रोजी, भारतात नेमक्या याच प्रश्नाला एक सरकारी उत्तर अमलात आले. परकी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठेने ज्या कंपनीत भागभांडवल घेतले आहे तिचा माल त्या बाजारपेठेत विकला जाऊ नये, आणि कोणत्याही विक्रेत्यावर केवळ आपल्याकडेच विकण्याची सक्ती करू नये, असा तो नियम होता. २६ डिसेंबर २०१८ रोजी तो जाहीर झाला होता. तो स्टीम-एपिकसाठी लिहिलेला नव्हता. मोबाइल आणि किराणा विकणारी मोठी संकेतस्थळे त्याच्या नजरेसमोर होती. तरी विचार म्हणून तो समोर ठेवून पाहण्यासारखा आहे : दुकान चालवणाऱ्याने स्वतःचा माल विकायचाच नाही.

पीसी गेमांच्या बाबतीत हा नियम २००३ साली लागू असता तर स्टीम उभेच राहिले नसते, २०१८ साली असता तर एपिकचे दुकान निघाले नसते, आणि गेम बनवणारे अजूनही खोके छापणाऱ्या प्रकाशकांच्या हिशेबावर अवलंबून राहिले असते. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ साली सुरू केलेले गॉगही नसते, आणि ग्राहकाला गेमची फाइल कुलूप न लावता देणारे मोठे दुकान आजवर तेच आहे. शिवाय अशा बंदीने मेट्रोचा करार थांबलाही नसता. त्यात सक्ती नव्हती. प्रकाशकाने हमीची रक्कम घेऊन राजीखुशीने सही केली होती.

म्हणून मालकीवर बंदी घालण्याच्या मी विरोधात आहे, आणि मालकाच्या वागणुकीवर बंधने घालण्याच्या ठाम बाजूने आहे. बंधने घालता येतात याचा पुरावाही आहे. स्टीमवर कित्येक वर्षे पैसे परत मिळण्याची सर्वसाधारण सोय नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ साली खटला भरला. तो चालू असतानाच, जून २०१५मध्ये, चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करण्याची सोय जगभर सुरू झाली. २०१६च्या डिसेंबरमध्ये व्हॅल्व्हला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. युरोपीय आयोगाने जानेवारी २०२१मध्ये देशादेशांत भिंती घालून गेम विकल्याबद्दल व्हॅल्व्ह आणि इतर पाच प्रकाशक यांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला. या दोन्ही वेळी कोणीही व्हॅल्व्हला गेम बनवणे किंवा दुकान चालवणे सोडायला सांगितले नाही.

संग्रहाच्या बाबतीत तसे पाऊल अजून कोणी उचललेले नाही. तांत्रिकदृष्ट्या ते अशक्य नाही. गॉगने २०१६ साली स्टीमवर घेतलेले काही निवडक गेम आपल्या खात्यात विनामूल्य उतरवून घेण्याची सोय दिली होती, प्रकाशकांच्या संमतीने. अमेरिकेत चित्रपटांसाठी २०१७ पासून अशी सेवा आहे की एका दुकानात घेतलेला चित्रपट इतर दुकानांच्या खात्यांतही दिसतो. मेट्रोच्या वेळी ही सोय असती, तर एपिकवर गेम घेणाऱ्याला तो पुढे स्टीमच्या संग्रहात नेता आला असता, आणि भांडण फक्त किमतीचे आणि सेवेचे राहिले असते. अशा भांडणात कोणताही दुकानदार जिंकला तरी मला चालेल.

पुढे काय झाले

एपिकने २०१९च्या मार्चमध्ये सांगितले की याच मालिकेतील ‘लास्ट लाइट’ने तितक्याच काळात स्टीमवर केलेल्या विक्रीच्या अडीच पट विक्री ‘एक्झोडस’ने केली. हा आकडा प्रभावी वाटतो, पण ‘लास्ट लाइट’ २०१३चा होता आणि मधल्या सहा वर्षांत स्टीमवरील खेळाडूंची संख्या कुठल्या कुठे गेली होती, त्यामुळे स्टीमवर राहिला असता तर किती विकला गेला असता, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. एप्रिलमध्ये स्वीनी यांनी जाहीरपणे लिहिले की व्हॅल्व्हने सर्वांसाठी कायमचा ८८ टक्के वाटा, मोठ्या अटी न घालता, मान्य केला तर एपिक एकाधिकाराचे करार करणे थांबवेल. व्हॅल्व्हने ते केले नाही. २०२०च्या फेब्रुवारीत वर्ष संपताच गेम स्टीमवर परतला, आणि पाच दिवसांत तिथे २ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. वर्षभर दुसरीकडे उपलब्ध असलेल्या गेमसाठी इतके लोक थांबून राहिले होते.

ज्यांनी स्वतःची दुकाने थाटून स्टीम सोडले होते ते मोठे प्रकाशकही परत फिरले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०११ साली ओरिजिन काढले होते. २०१९च्या अखेरीस त्यांचे नवे गेम पुन्हा स्टीमवर दिसू लागले. युबिसॉफ्ट २०१९ साली एपिककडे गेली आणि २०२२च्या शेवटी परतली. स्वतःचा गेम, स्वतःचे दुकान आणि अमाप भांडवल असूनही ग्राहकाचा संग्रह जिथे आहे तिथेच यावे लागले.

आता यात लहान स्टुडिओ कुठे बसतो ते पाहू. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ बनवला. २०१७ साली त्यांची किकस्टार्टरवरची निधीमोहीम यशस्वी झाली नाही, तरी त्यांनी काम सोडले नाही. गेम ऑगस्ट २०२०मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये पीसीसह इतर यंत्रांवर आला. अशा आकाराच्या स्टुडिओने स्वतःचे दुकान काढावे, असे कोणी म्हणणार नाही. त्याच्यासाठी ‘डेव्हलपरची मालकी’ म्हणजे नेहमी दुसऱ्या डेव्हलपरची मालकी. एपिकने जून २०२५पासून प्रत्येक गेमच्या वर्षातल्या पहिल्या १० लाख डॉलरच्या कमाईवर काहीच कमिशन न घेण्याचे ठरवले आहे, आणि बहुतेक लहान गेम आयुष्यभरात त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. स्टीम त्याच गेमकडून पहिल्या डॉलरपासून ३० टक्के घेते. एकीकडे शून्य आणि दुसरीकडे तीस. तरीही लहान स्टुडिओ आपला गेम जाहीर करतो तेव्हा सर्वांत आधी स्टीमवर पान उघडतो, आणि किती लोकांनी तो आपल्या इच्छायादीत टाकला ते रोज सकाळी पाहतो.